वस्त्राचे माप आणि वस्तूकरणाचा प्रश्न

१

मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाने २०१३ साली एक ठराव संमत केला. घाटकोपरच्या नगरसेविका रितू तावडे यांनी मांडलेल्या या ठरावात, दुकानांच्या दर्शनी भागात अंतर्वस्त्रे घालून उभे केलेले स्त्रीदेहाचे पुतळे हटवावेत, अशी मागणी होती. असे पुतळे पाहून पुरुषांची मने बिघडतात आणि स्त्रियांवरील अत्याचारांना चालना मिळते, हे त्यामागचे प्रतिपादन. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्कारानंतर देशभर जो क्षोभ उसळला होता त्याची पार्श्वभूमी या ठरावाला होती, आणि त्यामुळे त्यामागील अस्वस्थता खोटी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पुढे अंमलबजावणी रेंगाळली. २०१९ साली महापालिकेच्या विधी समितीतून तीच मागणी पुन्हा वर आली.

ठरावाची टिंगलही पुष्कळ झाली. टिंगल करणाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला होता : उद्या खजुराहोच्या शिल्पांनाही लुगडी नेसवणार काय? या प्रश्नावर वाद संपला, असे दोन्ही पक्षांनी मानले. वस्तुतः तो अद्याप सुरूही झाला नव्हता. कारण दोन्ही पक्षांच्या हातातली मोजपट्टी एकच होती, आणि ती कापड मोजण्याची होती. एका पक्षाला कापड कमी पडत होते. दुसऱ्याला कमी कापडाचे भय वाटत नव्हते, इतकाच काय तो फरक. या सगळ्या चर्चेत 'वस्तूकरण' हा शब्द जेथे आला तेथे तो 'अश्लीलता' या जुन्या शब्दाचा सुशिक्षित पर्याय म्हणून आला.

या गोंधळाची जबाबदारी नगरसेवकांवर टाकून समीक्षेला मोकळे होता येणार नाही. संकल्पनांची नीट मांडणी करणे हे नगरसेवकांचे काम नव्हे. ते समीक्षेचे काम आहे. ते मराठी समीक्षेने या बाबतीत पुरेसे केलेले नाही, आणि त्याची किंमत एकीकडे कलेला व दुसरीकडे स्त्रियांना मोजावी लागली आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. अश्लीलतेचा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनावर होणाऱ्या परिणामाचा असतो. त्यात स्त्री हे केवळ निमित्त असते. चिंता असते ती पुरुषाच्या चारित्र्याची. वस्तूकरणाचा प्रश्न जिची प्रतिमा घडवली जाते तिच्या दर्जाचा असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'झाका' किंवा 'उघडे राहू द्या' या दोन शब्दांत देता येते. दुसऱ्याचे तसे देता येत नाही.

२

या दोन संकल्पनांची सरमिसळ कायद्यानेच करून ठेवली आहे. १९७० आणि १९८० च्या दशकांत स्त्री-संघटनांनी जाहिरातींतील व चित्रपटांच्या फलकांवरील स्त्रीप्रतिमांविरुद्ध जी आंदोलने केली, त्यांच्या मुळाशी स्त्रीच्या मानवी दर्जाचा आग्रह होता. त्या वातावरणात १९८६ साली स्त्रियांच्या असभ्य प्रतिरूपणाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. या कायद्यातील व्याख्या लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. स्त्रीच्या देहाचे असभ्य चित्रण, स्त्रियांची मानहानी करणारे चित्रण आणि सार्वजनिक नीतिमत्ता बिघडवू शकेल असे चित्रण, या तिन्ही गोष्टी तेथे 'किंवा' या अव्ययाने जोडून एकाच वाक्यात बसवल्या आहेत. पहिली आणि तिसरी ही व्हिक्टोरियन नीतिकल्पनेची अपत्ये. स्त्रीच्या चळवळीतून आलेली अशी मधली एकच. व्यवहारात या मधल्या कसोटीला बाजूच्या दोघींनी गिळून टाकले, कारण 'असभ्य' काय हे पोलिसाला ठाऊक असते असे गृहीत धरता येते, 'मानहानिकारक' काय हे ठरवायला मात्र विचार करावा लागतो.

याच कायद्यात आणि भारतीय दंडसंहितेच्या कलम २९२ मध्ये एक अपवाद आहे. प्राचीन स्मारकांतील आणि मंदिरांतील शिल्पांना या तरतुदी लागू नाहीत. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी तिच्या कलम २९४ मध्येही हा अपवाद कायम आहे. त्याचा व्यावहारिक उपयोग उघड आहे. तो नसता तर वेरूळपासून कोणार्कपर्यंत कोणावरही खटला भरता आला असता. परंतु सैद्धांतिक दृष्ट्या हा अपवाद म्हणजे एक कबुली आहे. एखादे शिल्प स्त्रीच्या दर्जाला बाधा आणते की नाही याचे उत्तर कायदा त्या शिल्पाच्या वयावरून व पत्त्यावरून देतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची लेणी संरक्षित स्मारक असल्यामुळे तेथील स्त्रीमूर्ती निर्दोष; घाटकोपरच्या दुकानातील पुतळा विसाव्या-एकविसाव्या शतकातला व बाजारातला असल्यामुळे संशयित. या दोहोंत काही भेद असलाच पाहिजे, अशी सर्वांची अंतःप्रेरणा आहे आणि ती चुकीची नाही. पण तो भेद कशात आहे हे सांगण्याचे कष्ट कायद्याने घेतले नाहीत, आणि समीक्षेनेही घेतले नाहीत.

ही सरमिसळ कलावंतांना भोवली हे सर्वांना ठाऊक आहे. १९५४ साली अकबर पदमसी यांना जहांगीर कलादालनातील प्रदर्शनात मांडलेल्या चित्रांपायी अटक झाली व न्यायालयात लढून सुटका करून घ्यावी लागली. आणि तब्बल सत्तर वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याच पदमसींची व फ्रान्सिस न्यूटन सूझा यांची चित्रे अश्लील ठरवून मुंबईच्या सीमाशुल्क खात्याने केलेली जप्ती उच्च न्यायालयाला रद्द करावी लागली. तिने स्त्रियांचे काय नुकसान केले, हे मात्र क्वचितच बोलले जाते. मूळ तक्रार 'आम्हाला माणूस म्हणून दाखवले जात नाही' अशी होती. ती 'आम्हाला फार उघडे दाखवले जाते' अशी ऐकली गेली. एकदा ती अशी ऐकली की तिच्यावरचा उपाय पुतळ्यांवरून जिवंत स्त्रियांच्या पोशाखाकडे वळायला वेळ लागत नाही.

३

आता परंपरेच्या वकिलांकडे वळू येईल. त्यांचे म्हणणे असे की, भारतीय शिल्पपरंपरेत स्त्रीदेहाविषयी संकोच नव्हता. संकोच इंग्रजांनी आणला. म्हणून प्राचीन शिल्पांबाबत वस्तूकरणाचा प्रश्न उपस्थित करणे हीच वसाहतवादी मनोवृत्ती होय. या युक्तिवादाचा पूर्वार्ध बऱ्याच अंशी खरा आहे. उत्तरार्ध त्यातून निघत नाही. संकोच नसणे आणि समता असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंपरा उघडपणे बोलत होती एवढ्यावरून ती काय बोलत होती हे ठरत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष शिल्पाजवळ जावे लागते.

कान्हेरीचे तिसऱ्या क्रमांकाचे लेणे म्हणजे तेथील मोठे चैत्यगृह. त्याचा काळ दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या सुमाराचा, मानला जातो. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर प्रवेशद्वाराच्या दोन्ही बाजूंस स्त्रीपुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाचा हा आराखडा, आणि कारागिरीत कान्हेरी कार्ल्याच्या मागे पडते असा कला-इतिहासकारांचा सर्वसाधारण अभिप्राय आहे. या जोड्या दात्यांच्या आहेत की मांगल्यसूचक मिथुनांच्या, याविषयी मतभेद आहेत. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. या स्त्रियांच्या कमरेवरच्या देहावर वस्त्र नाही. जड कर्णभूषणे, मेखला आणि पायांतले वाळे एवढाच त्यांचा साज. परंतु शेजारच्या पुरुषांच्याही कमरेवरच्या देहावर वस्त्र नाही. दोघे एकाच पातळीवर, एकाच मापाने, खांद्याला खांदा देऊन उभे आहेत. अनावृतता हा येथे स्त्रीपुरुषांतला भेद नाहीच. म्हणून अनावृततेवरून स्त्रीविषयी काहीही अनुमान काढता येत नाही. कापडाची मोजपट्टी लावणारे दोन्ही पक्ष या भिंतीसमोर निरुत्तर होतात.

या भिंतीच्या पलीकडे, लेण्यालेण्यांतून पसरलेल्या लेखांत, स्त्रिया आणखी एका रूपात भेटतात. कान्हेरीच्या दानलेखांत भिक्षुणी आहेत, उपासिका आहेत, व्यापाऱ्यांच्या घरच्या स्त्रिया आहेत. कोणी लेणे खोदवले आहे, कोणी पाण्याची पोढी दिली आहे. म्हणजे ज्या स्थळी स्त्रीदेहाची शिल्पे आहेत त्याच स्थळी शिल्पांचा खर्च उचलणाऱ्या वर्गात स्त्रियाही आहेत. शिल्प पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री, या सोप्या विभागणीत ही स्त्री-दाती मावत नाही. ती पैसा देते, आपले नाव कोरवून घेते, आणि आपल्या पुण्याचा हिशेब स्वतः मांडते.

एवढ्यावरून परंपरेच्या वकिलांनी विजय साजरा करू नये. त्याच कान्हेरीत पाण्याच्या टाक्याजवळ एक संस्कृत लेख आहे. वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा त्यात उल्लेख आहे. ती कार्दमक कुळातली, महाक्षत्रपाची कन्या. सातेरक नावाच्या अमात्याने दिलेल्या टाक्याच्या संदर्भात हा उल्लेख येतो. लेख भंगलेला आहे, आणि राणीचे स्वतःचे नाव आज त्यात उरलेले नाही. उरले आहेत नवरा, बाप, कुळ आणि अमात्य. नाव गेले हा दगडाचा अपघात, हे खरे. पण नाव गेल्यावरही तिची ओळख पटते, कारण ती ओळख मुळात पुरुषांच्या नावांनी बांधलेली होती, हा अपघात नव्हे. सातवाहन व क्षत्रप या दोन वैरी घराण्यांतील सोयरिकीचा पुरावा म्हणून इतिहासकार या लेखाचा उपयोग करतात. वस्तूकरण शोधायचेच असेल तर ते कान्हेरीत आहे. पण ते अर्धवस्त्र दंपतींपेक्षा या निर्दोष, शालीन आणि देहाचा उल्लेखही नसलेल्या लेखात अधिक आहे. राजकन्या ही दोन सत्तांमधल्या व्यवहाराची खूण झाली आहे.

४

दुसरा प्रतिपक्ष सौंदर्यवाद्यांचा. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद या दोन भूमिकांमधला ताण मांडला, त्याला आता पन्नास वर्षे होऊन गेली. तरी शिल्पातील स्त्रीदेहाचा विषय निघाला की मराठी रसिक अजून अलौकिकतावादाच्या आश्रयाला जातो. कलावस्तूकडे पाहताना प्रयोजन, वासना, स्वामित्व हे सर्व गळून पडते, रसिकाला आकाराची लय तेवढी दिसते, तेव्हा कलेत वस्तूकरणाचा प्रश्नच संभवत नाही, असा हा पवित्रा आहे. तो बचावाला सोयीचा आहे. न्यायालयात त्याने कलावंतांना अनेकदा वाचवलेही आहे. पण समीक्षेत त्याचा अर्थ एवढाच होतो की, जे विचारायचे ते विचारायचे नाही.

गणपतराव म्हात्रे यांची 'मंदिरपथगामिनी' या पवित्र्याची परीक्षा घेण्यास योग्य आहे. जे. जे. कलाशाळेत शिकत असताना, १८९६ साली, त्यांनी ही मूर्ती प्लास्टरमध्ये घडवली. पूजेचे साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली तरुण महाराष्ट्रीय स्त्री, अंगभर लुगडे, नजर खाली. जॉर्ज बर्डवुड यांच्यासारख्या इंग्रज कलाज्ञाने तिची वाखाणणी केली. १८९८ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्यावर बंगालीत लेख लिहिला. आधुनिक भारतीय शिल्पाच्या इतिहासात तिचे स्थान निर्विवाद आहे, आणि म्हात्र्यांच्या हातातली विद्याही. लुगड्याच्या चुण्या देहाला बिलगतात, सुटतात, पुन्हा बिलगतात. त्या चुण्यांखालून देहाची घडण जाणवत राहते. वस्त्रातून देह दाखवण्याची ही पद्धत युरोपीय अभिजात शिल्पातून कलाशाळेमार्फत आलेली आहे.

कापडाच्या मोजपट्टीवर ही मूर्ती संपूर्ण निर्दोष ठरते. तिच्यावर कोणी ठराव आणणार नाही. पण दर्जाचा प्रश्न विचारला तर उत्तर इतके सरळ येत नाही. ती चालते आहे, पण तिचे चालणे मंदिराच्या वाटेपुरते आहे. तिला नाव नाही. ती 'स्त्री' आहे, 'भारतीय स्त्री' आहे, 'श्रद्धा' आहे. तिची खाली वळलेली नजर पाहणाऱ्याला पाहण्याची मोकळीक देते आणि त्याच वेळी ती पाहिली जात असल्याची जाणीव तिला नाही असा दिलासाही देते. शालीनता हा येथे देह पाहण्याचा परवाना झाला आहे. त्या काळात एका पराधीन समाजाला आपल्या संस्कृतीच्या पावित्र्याची मूर्ती हवी होती, आणि ती स्त्रीच्या देहातून घडवणे त्याला स्वाभाविक वाटले. प्रतीक होणे हा सन्मान आहे असे मानण्याची सवय फार जुनी. पण प्रतीकाला स्वतःचे म्हणणे नसते, हेही तितकेच जुने सत्य आहे. मरीना वॉर्नर यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात युरोपीय नगरांतील न्याय, स्वातंत्र्य, विजय यांच्या स्त्रीरूप पुतळ्यांविषयी हेच दाखवून दिले : पुरुषाचा पुतळा अमुक एका पुरुषाचा असतो, स्त्रीचा पुतळा कोणाचाच नसतो. मुंबईतल्या हुतात्मा चौकात फ्लोरा ही स्त्री आहे आणि पुराणातली आहे. शेजारच्या स्मारकातले शेतकरी आणि कामगार पुरुष आहेत आणि इतिहासातले आहेत.

याचा अर्थ 'मंदिरपथगामिनी' ही कनिष्ठ कलाकृती ठरते असा नाही. कलाकृती थोर असू शकते आणि तिच्यात स्त्रीचे प्रतीकात रूपांतर करण्याची क्रियाही चाललेली असू शकते. या दोन गोष्टी एकत्र धरण्याची ताकद समीक्षेत नसेल तर तिने एकतर स्तुतिपाठक व्हावे किंवा फिर्यादी. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'विषयीही हेच म्हणता येईल. १९२७ ते १९५३ या काळात एकाकी झुंज देऊन चाललेल्या त्या मासिकाने स्त्रीच्या कामजीवनावरील तिचा स्वतःचा हक्क मराठीत ज्या स्पष्टपणे मांडला तसा दुसऱ्या कोणी मांडला नाही. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले, ते उगाच नव्हे. पण त्याच मासिकाच्या मुखपृष्ठांवरील नग्न स्त्रीचित्रे, आतल्या लेखांत जो हक्क मांडला जात होता त्याच्याशी काय नाते सांगत होती, हा प्रश्न नीतिरक्षकांच्या भीतीने पुरोगाम्यांनी कधी विचारला नाही. शत्रू ज्या गोष्टीवर दगड मारतो तिची तपासणी मित्राने करू नये, हा नियम चळवळीत चालतो. समीक्षेत चालता कामा नये.

५

तिसरा पक्ष स्त्रीवादी समीक्षेचा, आणि येथे मतभेद घरचा आहे. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ साली चित्रपटासंबंधी लिहिताना पुरुषी नजरेची संकल्पना मांडली. त्याआधी १९७२ साली जॉन बर्जर यांनी युरोपीय तैलचित्रांतील नग्न स्त्री ही चित्राबाहेरच्या धन्यासाठी मांडलेली असते हे दाखवले होते. या दोन्ही मांडण्या मराठीत आल्या त्या सूत्रांच्या रूपात, आणि सूत्र कोठेही चिकटवता येते. मल्व्ही यांच्या विवेचनाचा कणा कॅमेरा आहे : प्रेक्षकाने कोठून पाहायचे हे कॅमेरा ठरवतो. पूर्णशिल्पाभोवती पाहणारा फिरू शकतो, जवळ जातो, लांब होतो. शिल्पाला एक ठरलेली नजर नसते. उत्थित शिल्पाला ती काही अंशी असते, काचेआडच्या पुतळ्याला बरीच असते. माध्यमांतील हा भेद लक्षात न घेता यक्षी, शालभंजिका, अप्सरा या सर्वांना 'पुरुषी नजरेच्या बळी' म्हणून एकाच रांगेत उभे करणे, हेदेखील त्यांना अदलाबदल करण्याजोगे मानणेच आहे. विद्या दहेजिया यांनी १९९७ साली भारतीय कलेतील देह व लिंगभाव यांविषयी संपादित केलेल्या ग्रंथाने या सरधोपटपणाविरुद्ध इशारा दिला होता. तो पुरेसा ऐकला गेला नाही.

अधिक उपयुक्त ठरते ती मार्था नुसबॉम यांची १९९५ मधील मांडणी. वस्तूकरण ही एक क्रिया नसून सात क्रियांचा समूह आहे, असे त्या म्हणतात : माणसाचे साधन करणे, त्याची स्वायत्तता नाकारणे, त्याला निष्क्रिय मानणे, एकाच्या जागी दुसरे चालेल असे समजणे, त्याच्या सीमा मोडायला हरकत नाही असे धरणे, त्याच्यावर मालकी सांगणे, आणि त्याला स्वतःचा अनुभव असतो हे विसरणे. यांपैकी कोणती क्रिया, कोठे, कोणत्या नात्यात घडते यावर निवाडा अवलंबून असतो. या सातांत नग्नतेचा समावेश नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. २००९ साली रे लँग्टन यांनी त्यांत आणखी तीन जोडल्या : माणूस म्हणजे त्याचा देह, माणूस म्हणजे त्याचे दिसणे, आणि त्याला मुके करणे. त्यांतही कापडाचा प्रश्न नाही.

या मांडणीची कसोटी लागते ती लज्जागौरीपाशी. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात जिचा शोध घेतला ती ही देवता. तेरसारख्या प्राचीन स्थळी तिच्या मूर्ती सापडल्या आहेत. नग्न, पाय फाकलेली, आणि अनेक मूर्तींत मस्तकाच्या जागी कमळ. केवळ रूपावरून निकाल द्यायचा तर स्त्रीला योनीपुरती उरवणारे याहून टोकाचे शिल्प सापडणार नाही. तरीही तिच्यासमोर माणसे हात जोडतात, तिच्याकडे मागणे मागतात. तिला मालकीची वस्तू मानत नाहीत, तिच्या सामर्थ्याला भितात. याउलट, ज्या समाजाने तिला पूजले त्याने घरातल्या वांझ ठरवलेल्या स्त्रीला कसे वागवले, हे लोकगीतांच्या व ओव्यांच्या अभ्यासकांना सांगायला नको. मूर्तीची पूजा हा स्त्रीच्या दर्जाचा पुरावा होत नाही, आणि मूर्तीची नग्नता हा तिच्या अवमानाचा पुरावा होत नाही. रूप, विधी आणि प्रत्यक्ष स्त्रीजीवन हे तीन वेगवेगळे साक्षीदार आहेत, आणि ते पुष्कळदा एकमेकांविरुद्ध साक्ष देतात.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, सर्व काही नात्यावर सोपवले तर कोणत्याही शिल्पाविषयी काहीही म्हणता येईल. तसे होत नाही. नाती हवेत नसतात. त्यांच्या खुणा वस्तूवर आणि वस्तूभोवती असतात. मूर्ती किती उंचीवर बसवली, कोणाशेजारी बसवली, तिला नाव आहे की नाही, खर्च कोणी केला, ती एकच आहे की साच्यातून काढलेल्या शेकड्यांतली एक, ती काय करते आहे, तिच्याशी पाहणारे काय करतात, हे सारे तपासता येते. जोगेश्वरीच्या लेण्यातील झिजलेल्या शिल्पपटांत शिवपार्वतींचा विवाह आणि त्यांची अक्षक्रीडा ओळखता येते. एका पटात पार्वतीचा हात दिला जातो आहे, दुसऱ्यात ती डाव मांडून बसली आहे. देवी तीच, लेणे तेच, वस्त्रालंकारांचा प्रकारही फारसा वेगळा नसावा. पण डाव खेळणारी जिंकू शकते आणि हरू शकते, दान दिली जाणारी यांपैकी काहीच करू शकत नाही. हा फरक कोणत्याही नीतिरक्षकाच्या वा सौंदर्यवाद्याच्या मोजपट्टीवर दिसत नाही. आणि अनेक प्राचीन स्मारकांत स्त्रीमूर्तींचे स्तन येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेले दिसतात, तेव्हा वस्तूकरण शिल्पकाराने केलेले नसून आजच्या सहलीच्या गर्दीने केलेले असते. कायद्याने संरक्षण दिले ते दगडाला. त्या हातांविषयी कायद्याला काही म्हणायचे नव्हते.

६

आता पुन्हा घाटकोपरच्या ठरावाकडे पाहिले म्हणजे त्यात काय सुटले हे स्पष्ट होते. दुकानात उभ्या असणाऱ्या या पुतळ्यांना बाजाराच्या बोलीत 'डमी' म्हणतात. फायबरग्लासच्या साच्यातून त्या निघतात. उपनगरांतल्या कोणत्याही स्टेशनबाहेरच्या कपडेबाजारात, मग तो अंधेरीचा असो की मुलुंडचा, त्या सर्व प्रकारांत दिसतात : अख्ख्या, कमरेपर्यंतच्या, नुसत्या धडाच्या, आणि कित्येकींना डोके नसते. छपरापासून आकड्याला टांगलेल्या धडांना डोकेही नसते, हातही नसतात, पायही नसतात. नुसबॉम यांच्या यादीतील जवळजवळ प्रत्येक क्रिया येथे उघड्या बाजारात, दिवसाढवळ्या पाहायला मिळते. हे धड साधन आहे, निष्क्रिय आहे, कोणत्याही दुसऱ्या धडाने बदलण्याजोगे आहे, विकत घेतलेले आहे, आणि त्याला पाहण्यासाठी डोळे वा बोलण्यासाठी तोंड दिलेले नाही. लज्जागौरीच्या मस्तकाच्या जागी कमळ होते. येथे मस्तकाच्या जागी काहीच नाही, कारण तेथे विकण्यासारखे काही नाही.

ठरावाने यांतल्या कशावरही बोट ठेवले नाही. त्याची तक्रार त्या धडावरच्या वस्त्राच्या आकाराविषयी होती. त्याच बिनडोक्याच्या, बिनहाताच्या धडावर पायघोळ पंजाबी पोशाख चढवला की ठराव समाधानी झाला असता, आणि संध्याकाळी त्या रस्त्याने जाणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या नजरेत तसूभरही फरक पडला नसता. टिंगल करणाऱ्यांनीही यावर बोट ठेवले नाही; त्यांना त्या धडात व्यापाराचे स्वातंत्र्य दिसले, आणि स्वातंत्र्याचा मालक कोण हे विचारावेसे वाटले नाही. आधुनिक नगरात स्त्रीदेहाचे सर्वांत जास्त पाहिले जाणारे शिल्प कोणते, असा प्रश्न विचारला तर उत्तर संग्रहालयात नाही. ते या दुकानांच्या दारात आहे. त्याला शिल्प न मानल्यामुळे कला-समीक्षा त्याच्याकडे वळली नाही, आणि त्याला अश्लीलतेचा मामला मानल्यामुळे समाजचिंतक त्याच्यापाशी येऊनही त्याला पाहू शकले नाहीत.

डमीवर बंदी घालावी असा याचा अर्थ नव्हे. बंदीने वस्तू जाते, नाते राहते. आणि बंदीची सवय लागलेली सत्ता दुकानातून कलादालनात व कलादालनातून घरात शिरते, हा या शहराचा पदमसींच्या खटल्यापासूनचा अनुभव आहे. मागणी समीक्षेकडे आहे. स्त्रीदेहाचे शिल्प समोर आले की, ते प्राचीन असो वा कालचे, देवळातले असो वा बाजारातले, नग्न असो वा नखशिखांत झाकलेले, त्याला तेच प्रश्न विचारले गेले पाहिजेत : ही कोण आहे, काय करते आहे, हिला कोणी घडवले, कोणाच्या पैशाने, आणि हिच्याकडे पाहताना पाहणाऱ्याला ती एक व्यक्ती आहे हे विसरावे लागते काय. या प्रश्नांपुढे कान्हेरीची दंपतिशिल्पे एक उत्तर देतील, तेथला भंगलेला लेख दुसरे, 'मंदिरपथगामिनी' तिसरे. सर्व उत्तरे सोयीची असणार नाहीत. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांना काही ठिकाणी खाली पाहावे लागेल, आणि परंपरेवर फिर्याद करणाऱ्यांना काही ठिकाणी फिर्याद मागे घ्यावी लागेल. या दोन्ही गोष्टींना जी समीक्षा तयार नाही तिने 'वस्तूकरण' हा शब्द वापरण्याचे सोडून द्यावे. 'अश्लीलता' हा जुना शब्द तिच्या कामाला पुरेसा आहे.